चिलमीतला धूर, बिडीतला धूर

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी गेलं तर निम्मी घरं रिकामी सापडतात. माणसं पहाटेच जंगलात गेलेली असतात, तेंदूपत्ता तोडायला. ऊन चढलं की ती परततात आणि मग मांडवाखाली, आंब्याच्या नाहीतर मोहाच्या सावलीत अख्खं घर पानं जुळवत बसतं. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर मोजणी होते, पुडे जमिनीवर ओळीनं उलटसुलट वाळत पडतात. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर इथल्या कित्येक ग्रामसभा स्वतःच पानांचा लिलाव करू लागल्या. या पंधरा-वीस दिवसांत हातात येणारी रक्कम पुष्कळ घरांत वर्षभरातली सर्वांत मोठी रोकड असते.

हे पान खायचं नाही, औषधाचंही नाही. ते वाळून, गोणीत भरून कारखान्यांकडे जातं, तिथं चिमूटभर तंबाखूभोवती गुंडाळलं जातं आणि शेवटी देशातल्या कुणाच्या तरी छातीत धूर होऊन उतरतं. गडचिरोलीच्या जंगलाचा आणि भारताच्या फुप्फुसांचा संबंध असा थेट आहे.

गंमत अशी, की पान पुरवणारा हा मुलूख स्वतः मात्र तंबाखू ओढण्यापेक्षा चघळतो जास्त. चौकातल्या पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होत असतो, आणि तो शाळकरी पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या गालात असतो. राज्याचं चित्रही फार वेगळं नाही. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. त्यात धूर ओढणारे केवळ 3.8 टक्के, बाकीचा सारा भार चघळण्यावर. त्यामुळे इथं तंबाखूचा विषय निघाला की तोंडाच्या कर्करोगाची चर्चा होते आणि छाती मागे राहते. तोंड उघडत नाही, हे माणसाला आरशात दिसतं. फुप्फुस कुणाला दिसत नाही.

याच पोकळीत एक समज वाढला आहे. अलीकडे तरुण पोरांच्या बोलण्यात तो वारंवार ऐकू येतो. बिडी-सिगारेट वाईट, हे त्यांना मान्य असतं. गांजाचं नाव काढलं की मात्र उत्तर येतं, ‘‘ते झाडपाला आहे जी, जडीबुटी. त्यानं छातीला काही होत नाही.’’ पुरावा म्हणून महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत चिलीम ओढणारे साधू दाखवले जातात, आणि अमेरिकेत तर आता दुकानात मिळतो, हेही सांगितलं जातं. यातली पहिली गोष्ट तर तपासायचीही गरज नाही. तंबाखूसुद्धा झाडपालाच आहे. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे: चिलमीतला धूर आणि बिडीतला धूर यांत फुप्फुसाला काही फरक पडतो का?

पडतो. पण पोरांना वाटतो तसा नाही, आणि व्यसनमुक्तीच्या भित्तिपत्रकांवर असतो तसाही नाही.

आधी धुराकडेच पाहू. कुठलीही वनस्पती जाळली की त्यातून डांबरासारखा चिकट पदार्थ, कार्बन मोनॉक्साइड, नाना प्रकारची हायड्रोकार्बनं आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. तंबाखूतलं निकोटिन गांजात नसतं आणि गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, तंबाखूत नसतं. ही दोन नावं वगळली तर उरलेली यादी बहुतांशी सारखीच आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत यंत्राला दोन्ही ‘ओढायला’ लावून 2008 मध्ये धुराची तुलना झाली. गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या धुरापेक्षा वीसपट भरला. हायड्रोजन सायनाइड आणि नायट्रिक ऑक्साइड तिपटीपासून पाचपटीपर्यंत अधिक होते. कर्करोगकारक हायड्रोकार्बनांपैकी काही इथं जास्त, तर काही तिथं. ‘शुद्ध जडीबुटी’ या दाव्याला एवढं पुरेसं आहे.

खरा फरक धुरापेक्षा ओढण्याच्या पद्धतीत आहे. चिलीम ओढणारा माणूस जवळून पाहिला असेल तर हे चटकन कळेल. मातीची नळी, तळाशी एक खडा, त्यावर मळलेला गांजा आणि बहुतेक वेळा त्यात मिसळलेली तंबाखू. नळीच्या निमुळत्या टोकाला ओली छापी गुंडाळायची, दोन्ही तळहातांची मूठ करून ओठ तिच्या फटीला लावायचे, वरून दुसऱ्यानं विस्तव धरायचा. मग छाती पूर्ण भरेपर्यंत एकच लांब दम. आणि त्यानंतर धूर सोडायचा नाही, आत कोंडून धरायचा. डोळे लाल होईपर्यंत, ठसका लागेपर्यंत. चिलीम पुढच्याच्या हातात गेल्यावर मग कुठं नाकातोंडातून धूर बाहेर पडतो.

बिडी ओढणारा असं करत नाही. त्याचे झुरके लहान आणि वरचेवर असतात. धूर आत जातो आणि लगेच बाहेर येतो.

या फरकाचं मोजमाप लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डॉ. डोनाल्ड टॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली केलं. तंबाखू आणि गांजा दोन्ही ओढणाऱ्या माणसांना त्यांनी तेवढ्याच वजनाची सिगारेट आणि गांजाची कांडी ओढायला दिली. गांजा ओढताना झुरका सुमारे दोन तृतीयांशानं मोठा होता, श्वास एक तृतीयांशानं खोल होता आणि धूर आत धरण्याचा वेळ चौपट होता. परिणामी डांबर तिप्पट आत गेलं, रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळपास पाचपट झाली. आत गेलेल्या डांबरापैकी श्वासमार्गात चिकटून राहिलेला वाटाही एक तृतीयांशानं जास्त होता.

आणि एवढं कोंडून नशा वाढते का? नंतरच्या प्रयोगांत माणसांना शून्य, दहा आणि वीस सेकंद धूर धरायला सांगितलं गेलं. त्यांना जाणवलेल्या नशेत फारसा फरक पडला नाही. टीएचसी फुप्फुसातून रक्तात फार झटपट उतरतं. जास्त वेळ कोंडलेल्या धुरातून मिळतं ते मुख्यतः डांबर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत नशेच्या हिशेबातही तोट्याचीच आहे.

छापीबद्दलही एक गैरसमज आहे. ओलं फडकं धूर ‘गाळतं’ असं समजलं जातं. ते राख आणि ठिणगी अडवतं, धूर थोडा गार करतं, म्हणून घशाला कमी टोचतं. पण धुरातले कण मायक्रॉनच्याही अंशात मोजावे लागतात, फडक्याची वीण त्यांच्यापुढे उघडं दारच. कार्बन मोनॉक्साइड तर वायूच आहे. उलट गार झालेला धूर अधिक खोल ओढता येतो.

आता छातीच्या आत. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचं दाट आवरण असतं. धानाच्या बांधीवरून वारा गेला की जशी एकामागून एक लाट सरकते, तशी या केसांची लाट सतत वरच्या दिशेनं चालू असते आणि ती धूळ, जंतू, बेडका घशाकडे ढकलत राहते. धुरानं हे केस आधी मंदावतात, मग झडतात. त्यांच्या जागी चिकट स्राव करणाऱ्या पेशींची गर्दी होते. साफसफाई बंद आणि कचरा दुप्पट, अशी अवस्था. मग शरीराकडे एकच उपाय उरतो: खोकला. सकाळी उठल्यावर खाकरून खाकरून बेडका काढणारा माणूस हेच काम हातानं केल्यासारखं करत असतो.

हा बदल तंबाखूनं होतो हे जुनंच ज्ञान आहे. टॅश्किन यांच्या गटानं गांजा ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेतले बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तोच बदल तिथंही दिसला, आणि पाहिलेली माणसं बरीचशी तरुण होती. दिवसाला गांजाच्या तीन-चार कांड्या ओढणाऱ्यांच्या नलिकांची अवस्था दिवसाला वीसेक सिगारेटी ओढणाऱ्यांच्या तोडीची होती. फुप्फुसाच्या पिशव्यांत जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. गांजा ओढणाऱ्यांच्या त्या पेशींची जंतू मारण्याची ताकदही कमी आढळली.

म्हणून एका मुद्द्यावर आज शास्त्रात वाद नाही. नियमित गांजा ओढला की जुनाट खोकला, बेडका, घरघर, म्हणजेच श्वासनलिकांचा दाह होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2017 मध्ये उपलब्ध सारं संशोधन चाळून हाच निष्कर्ष काढला. त्याच अहवालात एक दिलासाही आहे, तो असा की ओढणं सोडलं की या तक्रारी कमी होतात.

इथं एक जुना दाखला आठवतो. ब्रिटिश सरकारनं 1893-94 मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला होता. त्यानं देशभरातल्या 1,193 साक्षीदारांना प्रश्न विचारले. आज गडचिरोली म्हणतो तो भाग तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता, अहेरीच्या जमीनदारीचा मुलूख. त्याच प्रांतात खंडव्याकडे सरकारी परवान्यानं गांजाची शेती चाले आणि तो ठेक्याच्या दुकानांतून उघड विकला जाई. आयोगाच्या प्रश्नावलीत गांजामुळे खोकला-दमा होतो का, हाही प्रश्न होता. आयोगाचं मत पडलं, की बेतानं घेतल्यास शरीराला खास अपाय नाही, मात्र अतिरेक झाला तर श्वासनलिकांचा दाह होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकेचा तुकडा न पाहता, केवळ माणसांना विचारून मिळवलेलं हे उत्तर सव्वाशे वर्षांनंतरही फारसं चुकलेलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. आता ‘बेतानं’ म्हणजे किती, हा मात्र तेव्हाही वादाचा विषय होता.

खोकल्याच्या पलीकडे गेलं की चित्र धूसर होतं, आणि इथंच प्रचारक दोन्ही बाजूंनी घसरतात.

तंबाखूबद्दल संशय नाही. फुप्फुसाचा कर्करोग आणि सीओपीडी, म्हणजे नलिका कायमच्या अरुंद होऊन आणि हवेच्या पिशव्या फाटून लागणारी धाप, हे दोन्ही तिचे सिद्ध झालेले परिणाम आहेत. गांजाबद्दल मात्र अभ्यास एकमेकांशी भांडतात. टॅश्किन यांच्याच गटानं लॉस एंजेलिसमध्ये कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली. संबंध सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. 2006 मध्ये निकाल आला तो उलटा: भरपूर गांजा ओढणाऱ्यांतही फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. दोनच वर्षांनी न्यूझीलंडमधून दुसरा अभ्यास आला. रोज एक कांडी याप्रमाणे ओढलेल्या प्रत्येक वर्षामागे धोका 8 टक्क्यांनी वाढतो, असं त्याचं म्हणणं. पण त्यात रुग्ण होते केवळ 79. स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यभरतीला आलेल्या 49,321 तरुणांचा चाळीस वर्षं माग काढला गेला. ज्यांनी तोवर पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग दुपटीनं झाला. तंबाखूचा हिशेब वजा करूनही. मात्र भरतीनंतर कुणी किती ओढलं, याची नोंदच त्या अभ्यासात नव्हती.

धापेचंही तसंच. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या 5,115 माणसांची वीस वर्षं पाहणी झाली. तंबाखू ओढणाऱ्यांची फुंकर, म्हणजे छातीतली हवा जोरानं बाहेर टाकण्याची ताकद, ठरल्याप्रमाणे कमजोर होत गेली. अधूनमधून गांजा ओढणाऱ्यांची झाली नाही, उलट फुप्फुसात मावणारी हवा किंचित जास्तच निघाली. लांब दम मारण्याचा सराव हे त्याचं एक संभाव्य कारण सांगितलं जातं. हा निकाल 2012 मध्ये छापून आला आणि गांजाच्या चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याच लेखात पुढं लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही: फार जास्त ओढणाऱ्यांत फुंकर कमजोर होण्याची चिन्हं होती, पण तशी माणसं अभ्यासात इतकी थोडी होती, की ठाम काही म्हणता येत नव्हतं.

या गोंधळाचं माझ्या मते मुख्य कारण मात्रा हे आहे. निकोटिन तासा-दोन तासांनी पुन्हा तलफ आणतं, म्हणून बिडी ओढणारा दिवसाला पंधरा-वीस-तीस बिड्यांवर जातो आणि चाळीस वर्षं तिथंच राहतो. गांजा ओढणारे बहुतेक जण एवढे ओढत नाहीत, आणि पुष्कळजण तिशी-पस्तिशीत सोडून देतात. अमेरिकेतल्या एका जुन्या सर्वेक्षणात तंबाखू चाखलेल्यांपैकी सुमारे 32 टक्के तिच्या आहारी गेलेले निघाले, गांजाच्या बाबतीत हा आकडा 9 टक्के होता. म्हणजे कांडीमागे कांडी धरली तर गांजाचा धूर बिडीपेक्षा सौम्य नाही. न्यूझीलंडच्या एका गटानं 2007 मध्ये नलिकांच्या अडथळ्यावरून हिशेब मांडला, तेव्हा गांजाची एक कांडी अडीच ते पाच सिगारेटींएवढी भरली. आयुष्यभराच्या बेरजेत तंबाखू पुढे जाते ती तिच्या चिकाटीमुळे. ‘गांजा सुरक्षित आहे’ आणि ‘गांजा तंबाखूइतका ओढला जात नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पोरं दुसरं वाक्य ऐकतात आणि पहिलं सांगत सुटतात.

आणि आपल्याकडे तर हा सामना मुळात लागतच नाही. परदेशी अभ्यासांत केवळ गांजा ओढणारी माणसं वेगळी काढता येतात. आपल्या चिलमीत गांजा आणि तंबाखू एकत्र मळलेली असते. शहरी पोरं सिगारेट रिकामी करून त्यात गांजा भरतात, तोही तंबाखू मिसळून. चिलीम थंडावली की वर एक बिडी होतेच. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये चाळिशीवरच्या माणसांची पाहणी झाली, तीत निव्वळ गांजा ओढणाऱ्यांत सीओपीडी वाढलेला दिसला नाही, पण दोन्ही ओढणाऱ्यांत तो काहीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. एटापल्लीतल्या किंवा नागपुरातल्या चिलीमबहाद्दरानं स्वतःला कुठल्या रांगेत मोजायचं, हे उघड आहे. शिवाय मिश्रणातून निकोटिनची सवय लागते ती वेगळीच. गांजा सुटतो, तंबाखू राहते.

बिडीलाही ‘सिगारेटपेक्षा बरी’ म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यात तंबाखू सिगारेटीच्या निम्म्याहूनही कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नाही, ते नीट जळत नाही. बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोरानं ओढावी लागते, त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांत ती सिगारेटीला हार जात नाही. भारतातल्या अकरा लाख घरांतल्या मृत्यूंचा माग काढणारा डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2008 मध्ये आला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, बायकांचं सुमारे आठ वर्षांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. त्या जादा मृत्यूंत क्षयाचा वाटा फार मोठा होता.

क्षयाचं नाव आलं की विषय पुन्हा या जंगलात येतो. धूर ओढणाऱ्याला क्षय अधिक होतो आणि त्यानं मृत्यूही अधिक ओढवतो, कारण साफसफाई करणारे केस आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, दोन्ही धुरानं निकामी केलेल्या असतात. चिलमीची त्यावर आणखी एक भर. ती एकट्यानं ओढली जात नाही. बंद खोलीत, झोपडीत नाहीतर देवळाच्या पडवीत चार-पाच जण गोल बसतात, एकच छापी सगळ्यांच्या ओठांपुढून फिरते, आणि दम मारल्यावर प्रत्येकजण खोकतो. त्यातल्या एकाला जरी उघडा क्षय असला, तर बाकीच्यांना तो देण्याची याहून सोयीची बैठक शोधून सापडणार नाही. एकच नळी फिरवून गांजा ओढणाऱ्या टोळक्यांत क्षय पसरल्याच्या नोंदी परदेशी वैद्यकात आहेत.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि अन्य समाजांत हा रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला एकाएकी छातीत कळ, ताप आणि धाप असा झटका येऊ शकतो, आणि तो जीवघेणा ठरतो. तंबाखूच्या धुरानं, अगदी दुसऱ्याच्या बिडीच्या धुरानंही, या झटक्याचा धोका वाढतो. ज्याच्या रक्तातला प्राणवायू आधीच अडखळत पोचतो, त्यानं कार्बन मोनॉक्साइड कोंडून धरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सिकलसेलच्या दुखण्यावर गांजा बरा, असं कुणी सुचवत असेल तर चिलमीच्या बाबतीत ते निखालस चुकीचं आहे.

तिसरी बुरशीची. गांजाचा माल मळ्यातून निघाल्यावर ओलसर अवस्थेत दाबून, प्लास्टिकात गुंडाळून, ट्रकांच्या तळाशी दडवून आठवडेच्या आठवडे प्रवास करतो. ओडिशातल्या मलकानगिरीकडून आणि आंध्रच्या सीमेवरून तेलंगण-छत्तीसगडमार्गे महाराष्ट्रात येणारा माल असाच येतो. अशा मालावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सहज धरते आणि तिचे बीजाणू धुरासोबत जिवंत आत जाऊ शकतात. धडधाकट माणूस ते पचवतो. पण क्षयानं पोखरलेल्या फुप्फुसात, एचआयव्ही असलेल्यात किंवा कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यात तीच बुरशी मूळ धरते. बिडीच्या तंबाखूला निदान कुठल्या तरी कारखान्याचा पत्ता असतो. गांजाचा माल कुणीच तपासत नाही.

या सगळ्यात एका गोष्टीचं भान ठेवायला हवं. या भागातल्या फुप्फुसांवर धुराचे हल्ले अनेक बाजूंनी होतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या लेखात दाखवून दिलं, की सीओपीडी हा निव्वळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नव्हे. जगातल्या त्याच्या रुग्णांतला मोठा हिस्सा कधीच न ओढणाऱ्यांचा आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण चुलीचा धूर. एटापल्लीच्या खेड्यात ज्या बाईनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तिचीही फुंकर अशक्त असू शकते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्यावर उडवलेली लाल धूळ त्यात आता जमा झाली आहे. म्हणजे इथला तरुण चिलीम हातात घेतो तेव्हा त्याचं फुप्फुस कोरी पाटी नसतं. लहानपणचा न्यूमोनिया, चुलीचा धूर, घरातला क्षय यांतलं काहीतरी त्यानं आधीच सोसलेलं असतं. अमेरिकेतल्या सुखवस्तू माणसांवर झालेल्या अभ्यासाचा दिलासा त्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

बिनधुराच्या वाटांबद्दल थोडक्यात. भांग पिण्यानं फुप्फुसाला धक्का लागत नाही, तिचा परिणाम डोक्यावर होतो. ती सावकाश चढते, म्हणून अंदाज चुकून जास्त प्यायली जाते. वाफ ओढण्याची यंत्रंही निर्धोक नाहीत. 2019-20 मध्ये अमेरिकेत अशा यंत्रांतून भेसळीचं टीएचसी-तेल ओढल्यानं 2,807 जण फुप्फुसाच्या गंभीर इजेमुळे रुग्णालयात गेले किंवा मेले, मृत्यू 68 झाले. तेलात घट्टपणासाठी मिसळलेला ‘ई’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार त्यामागे मुख्य संशयित ठरला.

गडचिरोली जिल्ह्यानं छातीच्या आजारांवर जगाला एक धडा दिलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं इथल्या खेड्यांतल्या कमी शिकलेल्या स्त्री-पुरुषांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यानं बालमृत्यू कमी झाले, हे 1990 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलं. दारू आणि तंबाखूविरुद्ध 2016 पासून जिल्ह्यात चालू झालेलं ‘मुक्तिपथ’ अभियानही याच मातीतलं. गांजाबद्दल मात्र गावपातळीवर असं मोकळं बोलणं होत नाही, कारण त्याच्याभोवती 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याची भीती आहे. परिणाम असा, की दवाखान्यात ‘‘बिडी पिता का?’’ असं विचारलं तर माणूस हो म्हणतो, चिलमीबद्दल गप्प राहतो. मग एक्स-रे वयापेक्षा थोराड दिसतो आणि कारण कागदावर येत नाही.

ही गप्प राहण्याची गरज नाही. डॉक्टरला सांगणं म्हणजे पोलिसांत जाणं नव्हे. त्याच कायद्याचं कलम 64-अ, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. तेव्हा किती वर्षं, आठवड्यातून किती चिलमी, त्यात तंबाखू किती, हे डॉक्टरला नीट सांगा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, बेडक्यात रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, तर चिलीम-बिडीवर खापर फोडून घरी बसू नका. एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या, क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 आणि गांजा किंवा दुसरी कुठलीही नशा सोडायची असेल तर 14446, या दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत.